पालवणकर बाळू : कप्तानपद न मिळालेला महान गोलंदाज



हिंदुस्थानचा पहिला मोठा क्रिकेटपटू कोण, हा प्रश्न आपल्या घरातल्या मुलांना एकदा विचारून पाहा. कोणी रणजितसिंहांचे नाव घेईल, कोणी कर्नल सी. के. नायडूंचे. मी शाळेत शिक्षक आहे. वांद्र्याच्या आमच्या वस्तीतली मुले सकाळी स्टंप ठोकतात ती दिवेलागणीलाच उपटतात, तेव्हा क्रिकेटचे ज्ञान त्यांना आपल्याहून अधिक. पण पालवणकर बाळू हे नाव त्यांच्या तोंडी येत नाही. क्रिकेटच्या पुस्तकांनी हे नाव पुष्कळ वर्षे मागे टाकले, आणि आपल्या चळवळीनेही ते जवळ केले नाही. आपण ते का जवळ केले नाही, याला एक कारण आहे. तेही या लेखात यावयाचे आहे. परंतु आधी माणसाची ओळख करून घेऊ.

बाळू यांचा जन्म 1876 साली धारवाड येथे झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील पालवण गावचे, जातीने चांभार. वडील सैन्यात नोकरीला, म्हणून कुटुंब पुण्यास आले. येथे आपल्याला बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी आठवल्याशिवाय राहणार नाहीत. गावकुसाबाहेरच्या माणसाला त्या काळी लष्कराच्या छावणीत जे थोडे मोकळे वारे लागे, ते त्याला गावात लागत नसे. पुण्याच्या छावणीत गोरे अधिकारी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या जुन्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू व त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळावयास शिकले. शिकवणारा कोणी नव्हता.

पुढे पोटासाठी बाळू पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात नोकरीला लागले. काम खेळपट्टी झाडण्याचे व तिच्यावर रोलर फिरवण्याचे, पगार महिना तीन रुपये. 1892 च्या सुमारास ते साहेबांच्या पूना क्लबात गेले. तेथे पगार चार रुपये झाला. काम तेच : खेळपट्टी तयार करावयाची, जाळ्या बांधावयाच्या, चुन्याच्या रेघा मारावयाच्या. तेथील एका गोऱ्या खेळाडूने त्यांना जाळीत चेंडू टाकावयास सांगितले, आणि या डावखुऱ्या झाडूवाल्याच्या हाताचा चेंडू संथ येऊन असा वळतो की भले भले फलंदाज चकतात, हे साहेबांच्या ध्यानी आले. त्या क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचा मोठा नामांकित फलंदाज होता. तो रोज इतरांच्या आधी मैदानावर येऊन बाळूंची गोलंदाजी खेळे. एकदा बाद केले की बाळूंना आठ आणे बक्षीस देई, असे सांगतात. चार रुपये पगाराच्या माणसाला आठ आणे म्हणजे काय, हे ज्यांनी घरात महिनाअखेर पाहिली आहे त्यांना सांगावयास नको.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. साहेबाने शेकडो तास चेंडू टाकून घेतला, हाती बॅट मात्र कधी दिली नाही. चेंडू टाकणे हे नोकराचे काम, फलंदाजी हा साहेबाचा मान.

त्या सुमारास पुण्याच्या हिंदू क्रिकेट मंडळींना साहेबांच्या संघाला हरवावयाचे होते. साहेबांना रोज बाद करणारा मनुष्य गावातच होता, पण तो पडला चांभार. मंडळींत वाद झाला. अखेर जिंकण्याची इच्छा विटाळाच्या भीतीवर मात करून गेली आणि बाळूंना संघात घेण्यात आले. कसे घेतले, तेही पाहा. मैदानावर इतरांनी हाताळलेला चेंडू बाळू हाताळीत आणि बाळूंनी हाताळलेला चेंडू ब्राह्मण यष्टिरक्षक झेलीत. चामड्याच्या त्या चेंडूला विटाळ नव्हता. परंतु चहाची वेळ झाली की सगळा संघ पॅव्हिलियनमध्ये जाई आणि बाळूंना बाहेर मातीच्या कुल्हडात चहा मिळे, इतरांसाठी चिनी मातीच्या कपबशा असत. जेवणाला त्यांचे ताट वेगळे, बसण्याची जागा वेगळी. तोंड धुवावयाचे असले तर पाणी घालावयास अस्पृश्य नोकर वेगळा. पुढे 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर जो प्रश्न उभा राहिला, तो पुण्याच्या क्रिकेट मैदानावर तीसएक वर्षे आधीच उभा होता. फक्त तो एकट्या माणसाने, मुकाट्याने सोसला.

सातारच्या साहेबांच्या जिमखान्याशी सामना होता तेव्हा बाळूंच्या फिरकीचा धसका घेऊन त्यांनी म्हणे आठवडाभर रोलर फिरवून खेळपट्टी दगडासारखी केली. बाळूंनी तरीही सात गडी बाद केले. त्यानंतर पुण्यात त्यांचे कौतुक झाले. जे आपल्याबरोबर खेळतात त्यांच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत कसली, असे न्यायमूर्ती रानड्यांनी आपल्या लोकांना बजावले. टिळकांनीही बाळूंची वाखाणणी केली, असे सांगितले जाते. हेच पुणे 1895 साली रानड्यांच्या सामाजिक परिषदेला काँग्रेसच्या मंडपात जागा देण्यास तयार नव्हते. म्हणजे अस्पृश्याच्या गोलंदाजीला टाळ्या, आणि अस्पृश्यतेच्या प्रश्नाला मंडप बंद. ही विसंगती त्या काळच्या पुष्कळ थोरांच्या ठिकाणी होती. ती झाकून ठेवण्याचे काही कारण मला दिसत नाही.

1896 च्या प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईस आले. येथे ते परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. तेथेही काही सभासदांनी हरकत घेतली होती, पण खेळणाऱ्यांनी ती मोडून काढली. पोटासाठी त्यांनी बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी धरली. वांद्र्याच्या वाचकांना सांगावयाचे म्हणजे आपण चर्चगेटला जाण्यासाठी जी गाडी पकडतो तीच ही रेल्वे. 1951 साली ती पश्चिम रेल्वे झाली. त्या रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळत.

1906 च्या फेब्रुवारीत मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंनी 242 आणि 160 धावा केल्या, युरोपियनांचे डाव 191 आणि 102 धावांत आटोपले. हिंदूंचा संघ 109 धावांनी जिंकला. या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा फार मोठा होता. भाऊ शिवरामही त्याच संघात होते. ज्या बाँबे जिमखान्यात नेटिव माणसाला सभासद होता येत नव्हते, त्या जिमखान्याचा संघ हरला. रशियाला जपानने हरवल्याला फार दिवस झाले नव्हते, तेव्हा वृत्तपत्रांना भरते आले. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या साप्ताहिकाने मात्र नेमकी जागा दाखवली. पुण्यात पॅव्हिलियनबाहेर चहा घेणारा हा खेळाडू मुंबईत सोबत्यांच्या पंक्तीला बसू लागला, आणि राष्ट्राला पुढे जावयाचे असेल तर जात न पाहता सर्वांना समान संधी दिली पाहिजे, असा त्याचा आशय होता. वाचकहो, ही सुधारणा झाली हे नाकारू नका. ती खरोखर झाली होती. पुढे बाळूंनी जी राजकीय बाजू घेतली तिचे मूळ मला येथे दिसते.

आता 1911. पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाचे वर्ष. सर्व हिंदुस्थानचा म्हणून पहिला संघ इंग्लंडला गेला तो याच वर्षी. आधी काही वर्षे असा संघ पाठवण्याचे बेत पारशी, हिंदू, मुसलमान यांच्या वाटणीवरून फिसकटले होते. या खेपेला संघ जमला आणि त्याचे कप्तानपद मिळाले एकोणीस वर्षांच्या पतियाळाच्या महाराजांना. त्यांचे लक्ष लंडनच्या समारंभांकडे अधिक होते. थोडे सामने खेळून ते दूर झाले, आणि संघातील उत्तम फलंदाज कर्नल मिस्त्री हे महाराजांच्या पदरी असल्याने त्यांचाही खेळ संघाला फारसा लाभला नाही. एकूण 23 सामन्यांपैकी 15 हरले, 6 जिंकले, 2 अनिर्णित राहिले.

असल्या संघात पस्तीस वर्षांच्या बाळूंनी, दुखऱ्या खांद्याने, 114 गडी बाद केले. एका गड्यामागे सरासरी 18.84 धावा. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात 103 धावांत आठ गडी. लिस्टरशायर कौंटीला हरवले त्या सामन्यात त्यांचे अकरा बळी होते. सॉमरसेटविरुद्धचा विजय मिळाला तो शिवराम यांच्या नाबाद 113 धावांवर. प्रथम दर्जाचे दोनच विजय त्या दौऱ्यात मिळाले, आणि दोन्हींवर या दोन चांभार भावांचा ठसा आहे.

परदेशातील त्यांची कारकीर्द एवढीच : एक उन्हाळा. हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना 1932 च्या जूनमध्ये लॉर्ड्‌सवर झाला, तेव्हा बाळू छप्पन वर्षांचे होते. कसोटी खेळाडूंच्या यादीत म्हणूनच त्यांचे नाव नाही. प्रथम दर्जाच्या 33 सामन्यांत 179 गडी आणि 15.21 ची सरासरी, एवढे आकडे मागे आहेत. यात कोणाचा पक्षपात नव्हता, काळच आडवा आला, असे कोणी म्हणेल. 1911 च्या निवडीपुरते ते खरे आहे. त्यांना निवडले, डावलले नाही. दक्षिण आफ्रिकेत 1894 साली क्रोम हेंड्रिक्स नावाच्या वेगवान गोलंदाजाला केवळ तो गोरा नव्हता म्हणून इंग्लंडच्या दौऱ्यावर नेले नाही. तसे बाळूंचे झाले नाही.

त्यांच्यावरचा अन्याय वेगळ्या ठिकाणी होता. आपल्याकडे खेळाडूला घेण्यात अडचण नव्हती, त्याच्या हाताखाली खेळण्यात होती.

इंग्लंडहून परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने बाळूंचा जाहीर सत्कार केला. त्या वेळी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांचा या मानपत्रात हात होता, अशी माहिती इतिहासकारांनी दिली आहे. तरुण बाबासाहेबांना या माणसाविषयी काय वाटत असेल याची कल्पना करा. त्या दिवशी आपल्या लोकांपैकी ज्याचे नाव साहेबाच्या देशातल्या वृत्तपत्रांत छापून आले होते, असा माणूस दुसरा कोण होता ?

हिंदू संघात बाळूंहून ज्येष्ठ आणि कसलेला खेळाडू त्या काळी नव्हता. तरी कप्तानपद त्यांना मिळाले नाही. 1913 मध्ये ते एम. डी. पै यांच्याकडे गेले. पै जातीने ब्राह्मण, पण माणूस सरळ. सत्काराच्या प्रसंगी त्यांनी उघड सांगितले की हा मान खरा माझ्या मित्राचा, बाळूंचा होता. निवड करणारांना मात्र तसे वाटले नाही. वर्षामागून वर्षे गेली. क्रिकेटमध्ये कप्तान म्हणजे नाणेफेकीपुरता मनुष्य नव्हे. तो कोणी कोठे उभे राहावयाचे हे सांगतो, कोणाच्या हातून चेंडू काढून घ्यावयाचा हे ठरवतो. दहा सवर्णांना मैदानावर हुकूम देणारा अस्पृश्य, हे दृश्य जिमखान्याच्या धुरिणांना पेलणारे नव्हते. आणि हे आपल्याच देशात घडले असे नाही. वेस्ट इंडीजच्या संघात काळ्या खेळाडूंच्या जिवावर सामने जिंकले जात, पण नियमित कप्तानपद फ्रँक वॉरेल या काळ्या खेळाडूला मिळण्यास 1960 साल उजाडावे लागले.

1920 साली ही गोष्ट चव्हाट्यावर आली. बाळूंना चौरंगी स्पर्धेच्या पहिल्या सामन्यासाठी घेतले नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या गोलंदाजाला वगळले, एवढ्यावरून मी कोणाला जातीयवादी म्हणणार नाही. परंतु पै आजारी होते, आणि त्यांच्या जागी ज्येष्ठतेने व कर्तृत्वाने ज्यांचा हक्क होता ते धाकटे भाऊ विठ्ठल यांना डावलून कप्तानपद पुण्याच्या देवधरांना देण्यात आले. देवधर पुढे फार मोठे खेळाडू झाले. त्यांच्या खेळाविषयी येथे वाद नाही. पण तेव्हा ते विठ्ठल यांच्या मागाहून आलेले होते. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि त्याचे कारण वृत्तपत्रातून जाहीर केले : अस्पृश्य जातीचे म्हणून आमचा हक्क डावलला गेला.

हे निवेदन 1920 सालचे आहे, महाडच्या सात वर्षे आधीचे. बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ त्याच वर्षी 31 जानेवारीला निघाला होता. क्रिकेटच्या दोन खेळाडूंनी, स्वतःचे स्थान धोक्यात घालून, जातीचा उघड उल्लेख करून बहिष्कार पुकारला, ही गोष्ट आपल्या चळवळीच्या इतिहासात का लिहिली जात नाही ते मला समजत नाही. त्या निवेदनाने लोकमत हलले. अंतिम सामन्याला पै परत आले, भाऊ परत आले, आणि बाळूंना उपकप्तान करण्यात आले. पै यांनी काही वेळ मुद्दाम मैदान सोडले, म्हणजे तेवढा वेळ संघ बाळूंच्या हुकमतीखाली खेळेल. ज्या माणसाने संघाला पंधरा वर्षे जिंकून दिले, त्याच्या वाट्याला कप्तानपद आले ते असे, मित्राने दिलेल्या उसनवारीचे.

1923 मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे रीतसर कप्तान झाले. त्या वर्षी संघाने युरोपियनांना हरवले आणि प्रेक्षकांनी विठ्ठल यांना खांद्यावर घेतले. त्यांना उचलणारांत ब्राह्मणही होते. थोरल्या भावाला ते पाहून काय वाटले असेल ?

आता अवघड भाग. 1932 च्या पुणे कराराच्या वेळी बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे होते. रावबहादूर एम. सी. राजा यांच्या गटात त्यांची गणना होई. करारावर त्यांचीही सही आहे. पुढे हिंदू महासभेच्या तिकिटावर ते मुंबई पालिकेची निवडणूक लढले आणि हरले. 13 ऑक्टोबर 1935 रोजी बाबासाहेबांनी येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, तेव्हा बाळूंनी धर्मांतराला विरोध केला. हा आत्मघात होईल, असे त्यांचे मत होते. आणि 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईच्या भायखळा-परळ भागातील राखीव जागेसाठी बाबासाहेबांविरुद्ध त्यांनाच उभे केले. बाबासाहेबांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. अंतर 2,020 मतांचे.

काँग्रेसचा डाव उघड होता. महार पुढाऱ्यासमोर चांभार उमेदवार, तोही लोकप्रिय खेळाडू. बाळूंनी त्या डावाचे प्यादे व्हावे हे आपल्याला रुचण्यासारखे नाही, आणि मीही ते रुचवून घेण्यास सांगणार नाही. परंतु ते विकले गेले, असे जे सरसकट म्हटले जाते ते मला मान्य नाही. त्यांच्या आयुष्याकडे त्यांच्या बाजूने पाहा. कुल्हडातला चहा त्यांनी प्यायला होता, आणि तोच चहा पुढे सोबत्यांच्या टेबलावर बसून घेतला होता. स्वतःला न मिळालेले कप्तानपद धाकट्या भावाला मिळालेले त्यांनी पाहिले होते. पै यांच्यासारखा मित्र त्यांना लाभला होता. स्पृश्यांचे मन बदलते, फक्त धीर धरावा लागतो, असे या माणसाला वाटले तर ते अनुभवातून वाटले.

बाबासाहेबांचा अनुभव वेगळा होता. कोलंबिया विद्यापीठात शिकून 1917 साली ते बडोद्याला गेले, तेव्हा शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकीत आणि राहावयास शहरात जागा मिळाली नाही. गोलंदाजाची गरज हिंदू संघाला होती; विद्वानाची गरज हिंदू समाजाला नव्हती. गरज असेल तोवर मिळणारा मान हा हक्क नसतो, हे बाबासाहेबांनी ओळखले. बाळूंच्या स्वतःच्या जीवनात याचा पुरावा होता. वीस वर्षे गडी बाद करूनही मन पालटण्यास एवढा वेळ लागला, तर ज्याला चेंडू वळवता येत नाही अशा आपल्या साध्या बापाने किती वर्षे थांबावयाचे ? माझे वडील शाळेची पायरी चढले नव्हते. त्यांच्यासाठी बाळूंची वाट उपयोगी नव्हती, बाबासाहेबांची होती. म्हणून या वादात मी कोणत्या बाजूला आहे ते सांगावयास नको. पण विरोधकाचा मोठेपणा नाकारून आपली बाजू मोठी होत नाही. आपल्याच मुलांना हा खेळाडू माहीत नसावा, यात तोटा आपला आहे.

अलीकडे गोष्टी पुष्कळ उजेडात आल्या. 2002 मध्ये रामचंद्र गुहा यांनी हिंदुस्थानी क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावर पुस्तक लिहिले, त्यात बाळूंना मानाचे स्थान आहे. 1911 च्या दौऱ्यावर प्रशांत किदंबी यांचा इंग्रजी ग्रंथ 2019 मध्ये आला. विठ्ठल यांनी स्वतःचे क्रीडाजीवन मराठीत लिहून ठेवले होते, ते पुस्तक मात्र आज सहजी हाती लागत नाही.

बाळू 4 जुलै 1955 रोजी मुंबईत वारले. सांताक्रुझच्या स्मशानभूमीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. क्रिकेटपटू आले होते, दलित पुढारी आले होते. नागपूरची धम्मदीक्षा तेव्हा पंधरा महिन्यांवर होती.

भायखळा-परळच्या चाळींतून जी कुटुंबे पुढे वांद्रे, कुर्ला, घाटकोपर, मुलुंडकडे राहावयास आली, त्यांच्यापैकी काहींच्या आजोबांनी 1937 साली मत टाकले असेल. कोणी बाबासाहेबांना, कोणी बाळूंना. त्यांच्याकडून ऐकलेले काही आपल्याला आठवत असेल, एखादे जुने कात्रण वा छायाचित्र ट्रंकेत पडले असेल, तर ते तारखेसह लिहून काढा आणि जपून ठेवा.